मागास भागाची सवलत

हरसूलची गाडी फलाटाला लागली, माणसं उतरली, आणि त्यांतल्या एका मुलीच्या हाताकडे माझं लक्ष गेलं. मग सीबीएसच्या बसस्टँडवर मी कशासाठी आले होते तेच क्षणभर आठवेना. मुलगी ओळखीची नव्हती. पोरसवदा, सावळी, पाठीला पिशवी. हिरव्या बांगड्या तिने कोपराकडे वर सारल्या होत्या आणि त्या खाली घसरू नयेत म्हणून मनगटाच्या वर कापडाची एक पट्टी घट्ट बांधली होती. पट्टीची गाठ आतल्या बाजूला होती. गाठ आत आहे हे मला लांबूनच दिसलं. दिसलं की मी ते आधीच जाणलं, हे आता सांगता येत नाही. माझी शहरबस समोर उभी राहिली, भरली, निघून गेली. मी हात वर केला नाही. एक माणूस म्हणाला, "बाई, तुमची गेली." मी हो म्हटलं आणि सिमेंटच्या बाकावर, कुणाच्या तरी कोबीच्या गोणीशेजारी, जागा करून बसले. उजव्या हाताने डावं मनगट धरून बसले होते, हे पुष्कळ वेळाने ध्यानात आलं. मनगट उघडं होतं. ते माझा नवरा जयराम गेल्यापासून उघडंच होतं. आपल्यात आता हे मानायचं नाही, घाल बांगड्या, असं नणंद कितीदा भांडली. तिचं खरंच होतं. पण मला न मानण्याचाही उत्साह राहिला नव्हता.

ही सत्त्याऐंशी सालातली गोष्ट. पट्टीची गोष्ट त्याच्याही मागची. सातपूरच्या शेडमध्ये आम्ही कॉइल गुंडाळायचो. केसासारखी तांब्याची तार, तिच्यावर वार्निशचा मुलामा. मुलाम्याला कुठे ओरखडा गेला की कॉइल वरून चांगली दिसते आणि आतून मेलेली असते. म्हणून मालकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, मशीनवर बसताना बांगड्या काढायच्या. दोन बायका त्याच पावली उठून गेल्या. धडधाकट नवरा घरी असताना रोज सकाळी हात मोकळे करायचे आणि संध्याकाळी भरायचे, हे कुणाला रुचणार. मालक घाबरले. ते तेव्हा अगदीच तरुण होते, बायकांशी बोलताना जमिनीकडे बघायचे. मग आमच्यातल्या हमीदाने आपल्या जुन्या ओढणीची कड फाडली, बांगड्या वर ढकलल्या, खाली पट्टी आवळली आणि दातांनी गाठ मारली. गाठ बाहेर ठेवली तर तार अडकते, म्हणून आत. "काढल्या नाहीत, वर चढवल्यात. नवऱ्याचं आयुष्य उलट दोन बोटं वाढलं असेल," ती म्हणाली. तेव्हापासून ती आमच्या शेडची रीतच झाली. मला पट्टीची गरज नव्हती, तरी मीसुद्धा काही दिवस बांधली. मग सोडून दिली. हमीदाने ते पाहिलं आणि काही विचारलं नाही. हमीदा सगळ्यांना सगळं विचारायची, पण काही गोष्टी तिने मला कधीच विचारल्या नाहीत, आणि त्याच मला आता आठवतात.

मालक म्हणजे निसार. मालेगावच्या विणकराचा मुलगा. घरात मागांचा खडखडाट ऐकत अभ्यास केला, इंजिनियर झाला, नोकरीला लागला आणि सोडली. त्याच्या डोक्यात एक पेटी होती. गावोगाव विहिरींवर मोटारी बसत होत्या. विजेच्या तीन तारांतली एक गेली तरी मोटार लगेच थांबत नाही. घुमत राहते, तापते आणि जळते. तार गेल्याचं ओळखून मोटार आपोआप बंद करणारी पेटी त्याला करायची होती, आणि शेतकऱ्याला परवडेल अशी करायची होती. अशा पेट्या मोठ्या कंपन्या करत, पण त्या मोठ्यांसाठी. त्या काळात सरकारचं एक महामंडळ शिकलेल्या मुलांना उद्योग काढायला मदत करायचं. तारण मागायचं नाही, शेड भाड्याने द्यायचं, विक्रीकर काही वर्षं माफ, आणि नवं काही शोधून काढत असाल तर त्याच्या चाचण्यांसाठीही पैसे. निसारच्या चाचण्या म्हणजे मोटारी जाळणं. भद्रकालीच्या भंगारबाजारातून तो जुन्या मोटारी आणायचा आणि शेडच्या मागे एकेक मुद्दाम जाळून बघायचा, की जळायच्या किती आधी तिचा आवाज बदलतो. जळक्या वार्निशचा तो वास आमच्या पदरांना, केसांना, डब्यातल्या भाकरीलाही यायचा. महामंडळाचे साहेब पाहणीला आले तेव्हा शेडसमोर नेहमी चहा पीत बसणारा भिकन नावाचा माणूस त्यांना म्हणाला होता, "सरकारच्या पैशानं मोटारी जाळणारा हा एकच माणूस आहे साहेब, बाकीचे नुसते पैसे जाळतात." साहेब हसले. निसार हसला नाही. त्याला वाटलं, आता बंद. पण बंद झालं नाही, आणि दुसऱ्या उन्हाळ्यात त्याची पेटी चालली. निफाडकडचा एक द्राक्षवाला मोटार वाचली म्हणून टोपली घेऊन आला. आम्ही सगळ्या जणी ती द्राक्षं मशीनवर बसूनच खाल्ली आणि बोटं चिकट झाली म्हणून दुपारपर्यंत काम थांबलं.

मला तिथे कसं घेतलं, तर मी शिवणकाम करायची आणि माझं वय पाहून निसारला वाटलं असेल की ही बाई बाकीच्यांना सांभाळेल. तो मला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचा. मला मूल नव्हतं. जयराम कचेरीत कारकून होता, त्याच्या पाठीमागे त्याची छत्री आणि चष्मा राहिला आणि कॉलनीतली एक खोली राहिली. शेडमध्ये जायला लागल्यावर मला पहिल्यांदा समजलं की दिवसाला आकार असतो. भोंगा, मशीन, डबा, मशीन, भोंगा. सातपूरची साप्ताहिक सुट्टी विजेच्या सोयीसाठी शनिवारी असायची. गाव रविवारी सुट्टी घ्यायचं, आणि आम्ही रविवारी डबे घेऊन निघायचो. आमच्या पोरींना लग्नाकार्याला जाता यायचं नाही म्हणून त्या कुरकुरायच्या. मला मात्र ते बरं वाटायचं. रविवार हा कुटुंबाचा दिवस असतो, शनिवारी निदान सगळं जग आपापल्या कामावर गेलेलं असतं आणि एकटं असणं तितकंसं दिसून येत नाही.

आणि त्या शेडांमुळे काय काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं. भिकन आधी आमच्यासमोर नुसता चहा प्यायला यायचा, रिकामा माणूस. मग त्याने स्टोव्ह आणला, मग बाकडं, मग छप्पर. सातपूर गावात ज्या घरांत बैल बांधायचे तिथे भाडेकरू राहायला आले. बसच्या फेऱ्या वाढल्या. हमीदाने घड्याळ घेतलं आणि ते पट्टीच्या हातात घालता येईना म्हणून गळ्यात दोरीला बांधलं. एका शेडच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. कुणी आमच्या पेटीचे पत्रे कापायचा, कुणी स्क्रू करायचा. निसारच्या डोक्यात एक पेटी आली म्हणून एवढी माणसं जेवत होती. हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मोठं वाटलं असतं. मी आपली त्यातली एक तार सरळ ठेवत होते.

फलाटावर गाड्यांची नावं पुकारत होते. पट्टीची मुलगी नळावर जाऊन तोंड धुऊन आली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

शेड हलणार हे आम्हाला भिकनकडून कळलं, कारण वाईट बातमी चहाच्या टपरीवर आधी पोहोचते. सवलतीची वर्षं संपली होती. सातपूर आता मागास राहिलेलं नव्हतं. महामंडळाचं म्हणणं, ज्यांना पुढे सवलत हवी त्यांनी डोंगराकडे जावं, जिथे काहीच नाही तिथे. ते बरोबरही होतं. तिथेही माणसं होती. अट एकच, कामाला तिथलीच माणसं घ्यायची, बाहेरून आणायची नाहीत. निसारने हरसूलच्या अलीकडे जागा पाहिली. न जाऊन त्याला चालणार नव्हतं, कारण सवलत असलेल्या दुसऱ्या कुणी तसलीच पेटी स्वस्तात विकायला काढली असती. त्याने आम्हाला एकत्र बसवून हे सगळं सांगितलं, जमिनीकडे बघत. मग हमीदा म्हणाली, "म्हणजे आपण पुढारलो म्हणून आपलं काम गेलं. आधी कळलं असतं तर मी घड्याळ घेतलं नसतं." सगळ्या हसल्या आणि हसताहसताच दोघीतिघींनी डोळ्यांना पदर लावला. हमीदाला दुसऱ्या शेडमध्ये पॅकिंगचं काम मिळालं. तरुण पोरींना मिळत होतं. माझ्या वयाच्या बाईला कोण घेणार. निसार मला बाजूला घेऊन म्हणाला, "खाला, तिकडची एक बाई पाठवतायत. तिला तुम्ही तयार करा. ती बाकीच्यांना शिकवेल. तिची राहायची सोय..." तो थांबला. मी म्हटलं, "माझ्याकडे राहील."

ती नवसाबाई. आली तेव्हा एका पिशवीत दोन लुगडी, नागलीचं पीठ आणि सुकट. अंगाने काटक, बोलायला कमी. खोलीच्या दारात उभी राहून तिने सगळीकडे पाहिलं आणि विचारलं, "येवढ्या घरात तू येकलीच?" मी म्हटलं, खोलीच तर आहे. ती म्हणाली, "आमच्यात येवढ्यात आठ जणं निजतात. भ्या नाय वाटत?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "मला वाटंल," आणि त्या दिवसापासून आपली वाकळ माझ्या अंथरुणाला चिकटवून घालायला लागली. झोपेत तिचा गुडघा मला लागायचा. कितीतरी वर्षांनी झोपेत कुणाचा तरी धक्का लागत होता. मी जागी व्हायची आणि सरकायची नाही.

सगळ्यात तिला आवडला तो नळ. अंगणात सहा घरांत मिळून एक नळ होता, सकाळी पाणी यायचं. ती आधीच जाऊन उभी राहायची. तोटी सोडली की पहिल्या धारेखाली नुसता हात धरायची. शेजारच्या बाया कुरकुरल्या, "अहो, भरायचं असेल तर भरा, पाण्याशी काय खेळत बसलात?" ती म्हणाली, "थांबा वं. तुमच्याकं रोजच येतो त्यो." संध्याकाळी दोघी नागलीची भाकरी खायचो. ती नदीच्या, ओहोळाच्या गोष्टी सांगायची, उन्हाळ्यात झरा कसा आटतो आणि वाटीवाटीने पाणी कसं उपसावं लागतं. नवऱ्याविषयी विचारलं तर म्हणायची, "हाय. चांगला हाय. द्राक्षांच्या हंगामाला निफाडाकं जातो, तवा घर मोठं व्हतं." मी तिला जयरामविषयी सांगितलं. त्याचा चष्मा तिने डोळ्यांना लावून पाहिला आणि म्हणाली, "ह्याला तू धूसर दिसत असशील." मी इतकी हसले की शेजारीण डोकावून गेली.

काम मात्र तिला येईना. तिचे हात खरखरीत होते, भात लावून, मोळ्या बांधून. तार बोटांना ओरबाडायची. मी तिच्या बोटांना कॅरमची पावडर लावली. मशीनचा दांडा उजव्या हाताने फिरवायचा आणि डाव्या हाताच्या दोन बोटांतून तार सोडायची. फार ओढली तर तुटते, सैल सोडली तर थर वर-खाली होतात. "बकरीची दोरी धरतेस ना, तशी," मी सांगितलं. तिला ते पटलं. दोन-तीन दिवस हात बसतोय असं वाटलं आणि मग तार तुटायला लागली. सकाळी नीट चालायचं आणि कॉइल भरत आली की तुटायची. निसार येऊन बघायचा, मान हलवून जायचा. हमीदा तेव्हा अजून शेडमध्येच होती. ती म्हणाली, "आपा, तुमची शिष्या तार गुंडाळते की सरकारचा सूड घेते?" नवसाबाई खाली मान घालून तुटलेली टोकं वेचायची. मी तिला रागावले नाही. खरं तर तार तुटली की मला कुठेतरी हायसं वाटायचं, आणि ते हायसं वाटणं मी पुढच्या कामाने झाकून टाकायची. ती शिकली की दोन गोष्टी एकाच दिवशी संपणार होत्या. एक माझं काम, आणि दुसरी तिची वाकळ.

एका शनिवारी दुपारी मी पडले होते. उन्हाची तिरीप भिंतीवर आली होती, बाहेर कुणाचा तरी रेडिओ चालू होता. अर्धवट झोपेत मला तो आवाज ऐकू आला, दांडा फिरण्याचा, सारखा, न अडखळणारा. निसारने घरी सरावाला एक जुनं मशीन दिलं होतं. मी डोळे किलकिले केले. नवसाबाई दाराच्या उजेडात पाठमोरी बसली होती आणि टाकाऊ तारेची कॉइल भरत होती. मी तिचा डावा हात बघत राहिले. दोन बोटं तारेला धरत नव्हती, तिला नुसती सोबत करत होती. थरावर थर, एकाला एक लागून. असा हात यायला मला वर्ष लागलं होतं. कॉइल भरली, तिने ती उलटसुलट करून पाहिली, मग सगळी तार उलटी सोडून पुन्हा रिळावर घेतली आणि मशीनवर फडकं टाकलं. माझ्याकडे एकदा पाहिलं. मी डोळे मिटले.

त्यानंतरचे दिवस मी कशी राहिले ते नीट सांगता येत नाही. शेडमध्ये ती तार तोडायची आणि मी बघायची. आता मला दिसायचं, तोडायच्या आधी तिचा अंगठा किंचित आवळायचा. ती माझ्यासाठी तोडते आहे, असं मी मनात म्हणून पाहिलं. पहिल्यांदा नुसतं म्हणून पाहिलं, मग दिवसातून कितीदा. बसमध्ये, भाजी निवडताना. ती शिकली की माझं काम जाईल म्हणून ती शिकत नाही. माझ्यासाठी कुणी काही मोडून टाकावं असं माझ्या आयुष्यात घडलं नव्हतं. जयराम भला होता, पण त्याने माझ्यासाठी कधी कचेरीला उशीर केला नव्हता. मला त्या तुटलेल्या तारेचा आवाज आवडायला लागला. बारीक, टक् असा. अजून काही दिवस, मी म्हणायची. तिला कळतंय, मला कळतंय, आणि कुणाचंच काही जात नाही.

पण जात होतं. निसार एक दिवस डबा खाताना माझ्याजवळ येऊन बसला. एरवी तो तसा बसत नसे. "खाला, मार्च अखेरच्या आत तिकडचं काम सुरू झालं नाही तर सवलत जाते. हिला जमत नसेल तर स्पष्ट सांगा. दुसरी बाई आणतो. हिला परत पाठवू, हिचा काय दोष." मी विचारलं, "परत म्हणजे तिकडच्या शेडमध्ये?" तो म्हणाला, "नाही, घरी. जिला कामच जमत नाही तिला तिथे काय म्हणून ठेवू?" तो डब्याचं झाकण लावून गेला. मी पुढची कॉइल लावली. तिच्या गावात त्या पगारासारखं दुसरं काही नव्हतं. उन्हाळ्यात वाटीने पाणी उपसायचं आणि हंगामाला दुसऱ्यांची द्राक्षं तोडायची, एवढंच होतं. आणि आज ना उद्या आमची ही शेड कुलूप लावून बंद होणारच होती. ती तार तोडो की न तोडो. ती जे मोडत होती त्याने माझं काही वाचणार नव्हतं, फक्त तिचं जाणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर आम्ही दोघीच होतो. पाणी यायचं होतं, तोटी नुसती हवा सोडत होती. मी म्हटलं, "नवसा, मला दुसरीकडे काम लागलंय."

तिने वर पाहिलं. "कुठं?"

"अंबडला. नवीन कारखाना निघालाय. कॉइलचंच काम. पगार इथल्यापेक्षा बरा." मी हे इतकं सरळ बोलले की मला स्वतःलाच तो कारखाना दिसला, पिवळा रंग दिलेला. "ही शेड गेली तर माझं काही अडत नाही. तर तू आता तार तोडू नकोस."

तिने तोटी उगाच एकदा पिळून पाहिली. मग म्हणाली, "तुला कवापासून ठावं?"

"शनिवारपासून. का तोडत होतीस?"

हे विचारायला नको होतं. पण ते मी बोलून गेले होते, आणि आता तिच्या तोंडाकडे बघत होते. नळाला पाणी आलं. आधी गढूळ, मग स्वच्छ. तिने हात धारेखाली धरला.

"हितं नळाला पाणी येतं," ती म्हणाली. "तिकं कुठं हाय नळ."

"एवढ्यासाठी?"

"मंग? तुला काय वाटलं?"

मी म्हटलं, मला तसंच वाटलं होतं. हंडा भरला. ती तो डोक्यावर घेऊन पुढे गेली आणि मी कळशी घेऊन मागून. अंगणातल्या त्या चार पावलांत मला कळत होतं की माझ्या आतली एक तार गेली आहे, पण घुमायचं अजून थांबलेलं नाही. त्या दिवशी शेडमध्ये तिच्या हातून एकही तार तुटली नाही. हमीदाने टाळ्या वाजवल्या. निसारने भिकनकडून सगळ्यांना भजी आणवली. आठवड्याभरात टेम्पो आला, मशीनं गेली, आणि ड्रायव्हरशेजारी नवसाबाई बसून गेली. जाताना ती एवढंच म्हणाली, "अंबडला संभाळून जा. बस लय भरती." तिची वाकळ तिने नेली. काही दिवस मी झोपेत भिंतीकडे सरकून जागा ठेवत राहिले, मग ती सवय गेली. अंबडला मी एकदा जाऊनही आले. कारखाने खरंच निघत होते, पण दारावरचा माणूस वय विचारायचा. पुढे मी पुन्हा शिवण सुरू केलं. फॉल, काजं, शाळेचे गणवेश. आमच्या शेडमध्ये साबणाच्या वड्या बनायला लागल्या. भिकनच्या टपरीला काही फरक पडला नाही. साबणवाल्यांनाही चहा लागतोच.

"मावशी, अंबडची गाडी कुठं लागती?" बाकाच्या टोकाची मुलगी मला विचारत होती. तिची बहीण तिकडे दिली होती, तिच्या बाळंतपणाला आली होती. मी सांगितलं. मग न राहवून विचारलं, "हरसूलकडच्या शेडमध्ये आहेस का कामाला?"

तिने हाताकडे पाहिलं आणि पट्टी सोडायला लागली. "हौ. सकाळची पाळी करून तशीच निघाली. तुम्ही कसं वळखलं?"

"तुला शिकवलं कुणी?"

"नवसाबाईनं. लय खाष्ट. तार तुटली का बोटावर टिचकी मारती." ती हसली. "पर माया करती. आमी पंधरा जणी हाय आता. तिनंच शिकवल्या सगळ्या."

मी विचारलं, ती बरी आहे का. मुलगी म्हणाली, बरी आहे, नवरा आता निफाडला जात नाही, शेडच्याच गाडीवर आहे. मग मला जे विचारायचं होतं ते मी भलत्याच आवाजात विचारलं. म्हटलं, "तिच्या घरी नळ आला का गं?"

"तिच्या घरी कुठला. शेडच्या मागं खोल्या बांधल्यात, त्येंला नळ हाय. सायबांनी पयली खोली तिलाच दिलती. तिनं नाय घेतली. ज्याच्या घरी तान्हं हाय त्येला द्या म्हणली. ती आपली पाड्यावरच ऱ्हाती. ओहोळाचं पाणी आणती डोक्यावं." मुलीने बांगड्या खाली ओढून नीट केल्या. "तिला नळाचं काय नाय. तिला म्हणं नळाचा आवाज सोसत नाय."

कुणीतरी कोबीची गोणी ओढून नेली. माझ्या शेजारची जागा मोकळी झाली आणि मुलगी तिथे सरकून बसली. तिच्या पदराला जळक्या वार्निशचा वास होता. मी काय करायला हवं होतं? उठून हरसूलच्या गाडीत बसायला हवं होतं. गाडी समोरच उभी होती, ड्रायव्हर तंबाखू मळत होता. पण मी तिथे जाऊन काय सांगणार होते? मला अंबडला काम लागलं नव्हतं, असं? ती माझ्यासाठी तोडत होती, आणि मी विचारलं तेव्हा तिने मला ओझं होऊ नये म्हणून नळाचं नाव घेतलं. की तिला खरंच नळ हवा होता आणि पुढे तो मिळाला तेव्हा तिला आणखी काही आठवलं. यातलं खरं काय, ते मी तेव्हापासून आजपर्यंत अनेकदा उलगडून परत गुंडाळलं आहे. पंधरा जणींची घरं चालत होती. नवरा परत आला होता. मी गेले असते तर ती एका क्षणात सगळं ओळखून बसली असती, तिचं ते बारीक बघणं मला माहीत होतं. आणि मग रोज मशीनवर बसताना तिला वाटत राहिलं असतं की ही तार कुणाची आहे.

"येती मी," मुलगी उठली. दोन पावलं जाऊन वळली. "नवसाबाईला सांगू का कोण भेटलं म्हणून?"

मी पिशवी मांडीवर घेतली. तिच्यात कुणाच्या तरी लेकराचे दोन गणवेश होते, काजं करायची राहिलेले. मी पिशवीचं तोंड मुठीत धरलं.

"सांग, सातपूरच्या मावशी भेटल्या होत्या. कामावरून सुटून घरी चालल्या होत्या म्हणावं. बसला गर्दी होती."